मालकांची समता आणि खेळाडूंची वाटणी

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल ज्या संघमालकांच्या हाती आहे, त्यांच्या एनबीए या संघटनेत दरवर्षी नवोदित खेळाडूंची वाटणी होते. तिला तेथे 'ड्राफ्ट' म्हणतात. तीस संघ क्रमाक्रमाने एकेका तरुणाचे नाव पुकारतात, आणि ज्याचे नाव पुकारले गेले त्याला त्या लीगमध्ये खेळावयाचे असेल तर त्याच संघाशी करार करावा लागतो. कोणत्या शहरात राहावयाचे, कोणाची चाकरी करावयाची, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार व्हावयाचे, यांपैकी काहीही ठरविण्याचा अधिकार त्याला नसतो. मुक्त बाजारपेठेचा उद्‌घोष साऱ्या जगाला ऐकविणाऱ्या देशात ही प्रथा १९४७ सालापासून चालत आली आहे, आणि तिचे समर्थन केले जाते ते समतेच्या नावाने. तळाच्या संघाला पहिली निवड दिली म्हणजे दुबळा सबळ होईल व स्पर्धा रंगतदार राहील, असा हा युक्तिवाद आहे.

ही समता कोणाकोणातील, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. बॉस्टनचा संघ २०२५ साली ६.१ अब्ज डॉलर या मूल्याने विकला गेला. त्याच वर्षीच्या हंगामापासून लागू झालेले दूरचित्रवाणीचे करार अकरा वर्षांचे आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचे आहेत. या पंक्तीत बसलेल्यांपैकी जो 'दुबळा' असेल त्याच्या उद्धारासाठी एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने आपल्या निवडीचा हक्क सोडून द्यावा, असा हा व्यवहार आहे.

अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. श्रमाचा खरेदीदार एकच असला म्हणजे मजुरी श्रमाच्या खऱ्या मोलाखाली दाबून ठेवता येते, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ सालीच मांडून ठेवले आहे. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ साली बेसबॉलच्या संदर्भात आणखी एक पाऊल पुढे टाकले. खेळाडूला बांधून ठेवल्याने गुणवत्तेची समान वाटणी होत नाही, कारण बांधलेला खेळाडू मालक मालकाला विकू शकतोच; बदलते ते एवढेच की, त्या विक्रीचा पैसा खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात जातो. समाजवाद्याने नव्हे, शिकागोच्या परंपरेतील अर्थशास्त्रज्ञाने काढलेला हा निष्कर्ष आहे, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे.

तळाला बक्षीस ठेवले की तळ गाठण्याची शर्यत लागते. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ पासून तीन वर्षे जाणूनबुजून हार पत्करण्याचे धोरण राबविले आणि २०१५-१६ च्या हंगामात ८२ पैकी ७२ सामने गमावले. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाची ही उघड फसवणूक होती. त्यावरचे इलाजही पाहण्यासारखे आहेत. आधी नाणेफेक होती. १९८५ साली सोडत आली. १९९० साली तिला भारांक जोडले गेले. २०१९ साली सर्वांत वाईट तीन संघांची पहिल्या क्रमांकाची शक्यता प्रत्येकी १४ टक्के करण्यात आली. २०२५ साली अवघी १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिली निवड मिळाली आणि मोठा गहजब झाला. परंतु चार दशकांच्या या साऱ्या सुधारणा कोणत्या मालकाला कोणता खेळाडू मिळावा एवढ्यापुरत्याच आहेत. खेळाडूला काय मिळावे, हा विषय त्या कार्यक्रमपत्रिकेवर आलेलाच नाही.

तो विषय खेळाडूंनीच पुढे आणला. मिसिसिपीत कापूस वेचीत वाढलेला स्पेन्सर हेवूड महाविद्यालयाची चार वर्षे पूर्ण होण्याची अट मोडून खेळू लागला आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयात त्याने ती अट हाणून पाडली. त्यावर लीगने तोडगा काढला तो असा की, ज्याला मुदतीपूर्वी यावयाचे असेल त्याने आपली आर्थिक हलाखी सिद्ध करावी! ऑस्कर रॉबर्टसन यांनी खेळाडूसंघाच्या अध्यक्षपदावरून १९७० साली दावा लावला. १९७६ च्या तडजोडीतून करार संपलेल्या खेळाडूंना काही प्रमाणात मोकळीक मिळाली. ड्राफ्ट मात्र टिकला. १९८७ साली लिऑन वूड या खेळाडूचा दावा फेटाळताना न्यायालयाने जे कारण दिले ते कामगार चळवळीने नीट वाचले पाहिजे. ही बंधने संघटनेने सामुदायिक करारात स्वतः मान्य केलेली आहेत, तेव्हा मक्तेदारीविरोधी कायदा तेथे चालणार नाही, असे ते कारण होते. पुढे १९९५ साली नवोदितांचे ठरीव वेतन आणि २००५ साली एकोणीस वर्षांची वयोमर्यादा, हीदेखील संघटनेच्या संमतीनेच आली. ज्यांच्यावर ती लादली गेली ते मतदानाला नव्हतेच. जे कारखान्यात आहेत त्यांनी, जे अद्याप दाराबाहेर आहेत त्यांच्या हिश्शातून आपला सौदा पदरात पाडून घेतला.

दाराबाहेरच्यांसाठी २००१ साली आठ संघांची एक दुय्यम लीग उभारण्यात आली. आज 'जी लीग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामात ३१ संघ होते. तेथील खेळाडूचे मूळ वेतन २०२३-२४ च्या हंगामासाठी ४०,५०० डॉलर होते. त्याच हंगामात वरच्या लीगमधील अगदी नवख्याचे किमान वेतन अकरा लाख डॉलरहून अधिक होते. या दोहोंच्या मध्ये २०१७ पासून दुहेरी कराराचे खेळाडू आहेत. त्यांना नवख्याच्या किमान वेतनाच्या निम्मे मिळते, बोलावणे येईल तेव्हा वरच्या संघात जावयाचे, आणि मोसमाच्या अखेरच्या बाद फेरीत मात्र उतरावयाचे नाही. मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगावयास नको.

पंजाबातील बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग हा ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. २०१५ साली डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतले तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी केवढा जल्लोष केला होता! तो दुय्यम लीगमध्ये खेळला. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुसऱ्या फेरीतील निवडीला कराराची हमीच नसते, हे त्या जल्लोषात कोणी सांगितले नाही. उलट २०१४ साली ४१ व्या क्रमांकावर निकोला योकिच याचे नाव पुकारले जात असताना दूरचित्रवाणीवर खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती. तो पुढे तीनदा लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. मालकांची पारख किती खरी, हेही त्यावरून दिसते.

ड्राफ्ट रद्द केला तर सारे गुणी तरुण लॉस एंजेलिसला धावतील, ही भीती निराधार आहे. संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे, नेहमीचे करार पंधराच करता येतात, आणि तरुणाला बाकावर बसण्यापेक्षा मैदानात उतरावयाचे असते. गमतीची गोष्ट अशी की, ज्यांचे नाव कोणीच पुकारीत नाही त्या खेळाडूंना आजही आपला संघ निवडता येतो, आणि म्हणून लीग कोसळलेली नाही. खरेदीदार वाढले की मोल वाढते, याचा पुरावा तर ताजाच आहे. २०२१ साली विद्यापीठीय खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळविण्याची मुभा मिळताच, होतकरूंसाठी दुय्यम लीगने चालविलेला खास संघ २०२४ साली गुंडाळावा लागला. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत.

ड्राफ्ट एका फटक्यात जाणार नाही, हे उघड आहे. निदान निवडलेल्या प्रत्येकाला हमीचा करार, पुकारणाऱ्या संघाला नकार देऊन दुसऱ्याकडे जाण्याचा हक्क, आणि दुय्यम लीगच्या वेतनाची वरच्या लीगच्या उत्पन्नाशी सांगड, एवढे तर ताबडतोब मागता येते. वरच्या खेळाडूंचा उत्पन्नातील हिस्सा निम्म्याच्या आसपास ठरलेला आहे. तेच तत्त्व खाली का नको? दुय्यम लीगच्या खेळाडूंनी २०२० साली आपली संघटना बांधली, पण ती वेगळी राहिली. वरच्या लीगमध्ये आज खेळणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास खेळाडू याच दुय्यम लीगमधून गेलेले असताना दोन संघटना, दोन करार आणि दोन तारखा ही मालकांच्या सोयीची रचना आहे. वरच्या लीगचा २०२३ चा करार २०२९-३० च्या हंगामापर्यंतचा असून त्यातून एक वर्ष आधी बाहेर पडण्याची तरतूद आहे. दोन्ही संघटनांनी एकच मागणीपत्र घेऊन जावयाचे ठरविले, तर तेवढा अवधी पुरेसा आहे.