ग्रासकटर चालवून कमी बिघडतो, नुसता ठेवून जास्त



ग्राहक कसा मिळवायचा, दर कसा सांगायचा, उधारी कशी वसूल करायची, या विषयांवर मी व्हिडिओ केला की तुम्ही आवर्जून बघता. मशीनच्या देखभालीवर केला की निम्मेसुद्धा येत नाहीत. म्हणून आज लिहूनच सांगतो. थोडं कडू लागेल, पण वाचा.

कोकणातला माझा एक विद्यार्थी. दोन ग्रासकटर घेऊन आंबा-काजूच्या बागा साफ करून देण्याचा त्याचा धंदा. पहिला हंगाम झकास गेला. श्रावणात एक कापणी, दिवाळीच्या आसपास दुसरी, मग वणव्याच्या भीतीने बागेच्या कडेचे पट्टे. डिसेंबरअखेर काम संपलं आणि दोन्ही मशीन्स पडवीत खताच्या गोणींशेजारी गेली. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच. पुढच्या जुलैमध्ये पहिली ऑर्डर आली आणि दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला, पण दोन्हीपैकी एकही मशीन सुरू होईना. दुरुस्तीच्या दुकानात आधीच रांग. मशीन्स हातात यायला आठ दिवस लागले. तोवर बागवाल्यांनी दुसरा माणूस बघितला होता.

त्याने मला फोन करून विचारलं, "सर, कंपनी बदलू का?" मी म्हटलं, "कंपनी नको बदलू रे, डिसेंबर बदल."

माझं मत स्पष्ट आहे. हंगामी धंद्यात मशीन ठेवण्याचा दिवस हा सुद्धा कामाचाच दिवस असतो. त्याची मजुरी द्या, त्याचा खर्च दरात धरा.

आता हिशोब करू. आकडे समजा म्हणून घेतोय, तुमच्या गावाप्रमाणे बदला. एका मशीनचे दिवसाला १,५०० रुपये मिळतात, त्यातून माणसाची मजुरी आणि पेट्रोल-ऑइल जाऊन ५०० उरतात. आठ दिवस मशीन बंद म्हणजे ४,००० गेले. वर दुरुस्तीचे २,५००. झाले ६,५००. उलट हंगामाच्या शेवटी प्लग, फिल्टर, ग्रीस आणि लागली तर पेट्रोलची नळी, असे ६०० धरा. चालवणाऱ्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी ३५०. एकूण ९५०. आणि गेलेला ग्राहक तर या हिशोबात धरलेलाच नाही.

मशीन नुसतं ठेवून बिघडतं कसं? मुख्य कारण पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू-टी ऑइलमधून, आणि ते ऑइल राहतं वरच्या थरात. पेट्रोल ओढणारी नळी मात्र तळाशी असते. म्हणजे असं मशीन सुरू झालंच, तरी इंजिन वंगणाशिवाय पळतं. शिवाय पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट थर राहतो, कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजतात आणि आतला रबरी पडदा कडक होतो.

म्हणून शेवटच्या कामानंतर, मोकळ्या हवेत, चूल-विडी लांब ठेवून, एवढं करा:

१. इंजिन थंड झालं की सिलिंडरच्या पंख्यांमध्ये अडकलेलं गवत आणि माती ब्रशने काढा. हे पंखे बुजले की इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा.

२. टाकी रिकामी करा. मिश्रण ताजं असेल तर त्याच प्रमाणाच्या दुसऱ्या टू-स्ट्रोक मशीनला वापरा. मातीत किंवा वहाळात ओतू नका. कार्ब्युरेटरजवळचा रबरी फुगा दाबून नळीतलंही काढा. मग मशीन सुरू करून आयडलवर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

३. इंजिन पुन्हा थंड झालं की प्लग काढा. त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडा, भोकावर फडकं धरा आणि दोरी दोन-तीनदा हळू ओढा. आत तेलाचा हात फिरतो, गंज धरत नाही. प्लग बसवा आणि दोरीला जोर लागेपर्यंत ओढून थांबा. पिस्टन वर राहिला की दमट हवेला सिलिंडरमध्ये शिरायला वाट उरत नाही.

४. पातं काढून धार लावा, तेलाचा हात द्या. खालच्या गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरा.

५. मशीन कोरड्या जागी टांगून ठेवा. खत आणि मीठ यांच्याजवळ अजिबात नको, लोखंड खाऊन टाकतात. उंदीर नळी कुरतडतात, तिकडेही लक्ष असू द्या.

फोर-स्ट्रोक मशीन असेल तर जुनं ऑइल बदलूनच ठेवा. ३५ सीसीच्या मशीनला साधारण १०० मिली लागतं, तिथे कंजुषी कसली?

काही जण म्हणतील, "सर, मेकॅनिक कशाला आहे?" बरोबर आहे, मेकॅनिक हवाच. पण त्याच्याकडे जानेवारीत जा. तेव्हा त्याला वेळ असतो, तो नीट बघतो, सुटा भाग मागवायलाही सवड असते. जुलैमध्ये तुम्ही रांगेतले पंधरावे असता.

दुसरे म्हणतील, "आमची माणसं ऐकत नाहीत." खरं सांगू? त्यांना आपण फक्त कापलेल्या गवताचे पैसे देतो. साफसफाई फुकटात करायला सांगितली की ती फुकटासारखीच होते. अर्ध्या दिवसाची मजुरी द्या, एक वही ठेवा, प्रत्येक मशीनला नंबर द्या आणि कोणी, कधी, काय केलं ते लिहून घ्या. मिश्रणाचं प्रमाणही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली ऑइल, ५० ला १ असेल तर २० मिली. कुठलं ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजपंचे ओतू नका.

खंडेनवमीला आपण याच मशीनला हार घालतो, हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो. चांगलंच आहे. पण फिल्टरमध्ये गवत कोंबलेलं आणि वर झेंडूचा हार, हे काही पटत नाही बुवा. ज्याच्यावर घर चालतं त्याची काळजी घेणं, हाच त्या पूजेचा अर्थ ना?

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढच्या डिसेंबरात एक सकाळ यासाठी ठेवली. जुलैमध्ये फोन आला. पाऊस जोरात होता, नीट ऐकू येत नव्हतं. मागून मशीनचा आवाज मात्र स्पष्ट येत होता.

तुमचं मशीन आत्ता कुठे आहे, आणि त्याच्या टाकीत काय आहे? हे वाचून झालं की मोबाईल बाजूला ठेवा आणि झाकण उघडून बघा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.