म्हणे, शिकली की पुण्याला पळतात!

अकोल्यातल्या एका सॉफ्टवेअरवाल्या गृहस्थांनी परवा चारचौघांत आपला सिद्धांत मांडला. वऱ्हाडातल्या छोट्या कंपनीनं कॉम्प्युटरच्या पोरांना इंटर्न म्हणून घेऊ नये आणि घेतलंच तर पैसे देऊ नयेत. कॉलेजात त्यांना काही शिकवलेलं नसतं, आपला वेळ जातो, स्टायपेंड परवडत नाही, आणि वर "पोट्टे शिकले का पुन्याले पयतात!" ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

किरकोळ आक्षेप आधी निकाली काढतो. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 चं. बडनेरा, बाभूळगाव आणि शेगावची महाविद्यालयं 1983 ची. तिथं काहीच शिकवत नाहीत, तर या गृहस्थांच्या ऑफिसात आज कोड लिहिणारे कुठं शिकले? वेळ जातो, हे खरं आहे. शिकवायला वेळ लागतोच. परवडत नाही म्हणाल, तर पदवी झालेल्या उमेदवाराला 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर घेता येतं आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. त्यासाठी फॉर्म भरावे लागतात, एवढंच. राज्याच्या 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मात्र शिक्षण चालू असलेल्यांना जागा नाही. म्हणजे दर्यापूरहून एसटीनं येणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा खर्च मालकानंच उचलायला हवा. तोही नाकारायचा आणि वर तिनं निष्ठा दाखवावी अशी अपेक्षा ठेवायची!

आता पुण्याचं. हा आक्षेप मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी तो जास्तच खोटा वाटतो. पोरं पळतात म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: त्यांना थांबा असं तुम्ही कधी म्हणालात? शेवटचं वर्ष सुरू होताना नोकरीचं पत्र हातात दिलंत? पगाराचा आकडा सांगितलात? सहा महिने एखाद्या मुलाला एक्सेलमध्ये नावं भरायला लावलीत, त्यानं लिहिलेला कोड कोणी उघडूनही पाहिला नाही, आणि निघताना पाठीवर थाप मारलीत. असा मुलगा बडनेऱ्याहून पुण्याची गाडी पकडतो तेव्हा तो पळत नसतो. त्याला तुम्हीच घालवलेलं असतं.

यावर कापसाचा दाखला हमखास येतो. कापूस आपला, कापड दुसऱ्याचं, तसंच पोरांचं! 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो आपला कापूस बाहेर न्यायलाच, हे मलाही ठाऊक आहे. 1953 च्या नागपूर करारापासून आपण अनुशेषाचा हिशेब मांडतो आहोत, आणि त्या भांडणात मी कायम वऱ्हाडाच्याच बाजूनं बोललो आहे. पण कापसाची गाठ एकदा गेली की परत येत नाही. माणूस फोन करतो, दिवाळीला येतो, काम पाठवतो. आमच्या कंपनीत शिकून हिंजवडीत गेलेल्या एका मुलानं आम्हाला मुंबईचं गिऱ्हाईक मिळवून दिलं. शिवाय सगळे जातात हेच मुळात खोटं आहे. घरची शेती, आजारी आई, यांपायी अनेक जण राहतात. घरून पुण्याला पाठवत नाहीत म्हणून पदवी घेऊन अकोल्यातच बसलेल्या मुली किती आहेत, हे या गृहस्थांनी एकदा आपल्याच गल्लीत विचारून पाहावं. त्या कुठं पळाल्या?

इंटर्न काय करू शकतो तेही सांगतो. आम्ही आडत्यांसाठी हिशोबाचा प्रोग्राम बनवतो. एका आडत्याकडे प्रोग्रामची दिवसाची बेरीज आणि तिथल्या मुनीमजींची वही यांत तेरा रुपयांचा फरक पडत होता. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला आम्ही बाजार समितीत त्यांच्या शेजारी बसवलं. तूर, वजन, भाव, हमाली, तोलाई अशी एकेक पट्टी तिनं हातानं मांडली. तेव्हा कळलं की प्रत्येक पट्टीवर रक्कम पूर्ण रुपयात येत होती, पण प्रोग्राम बेरीज मात्र पैशांसकट मूळ आकड्यांची करत होता. दुरुस्ती चार ओळींची होती, पण ती सापडायला मुनीमजींच्या शेजारी बसावं लागलं. तो आकडा जुळल्यावर मुनीमजी तिला "बाई, चहा घ्या" म्हणाले. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हा मुनीम कुठून आणणार?

आणि पैसे न देण्याचं जे समर्थन केलं जातं, त्याचं पुढचं टोक माझ्या डोळ्यांदेखत उभं आहे. इंटर्नशिप अभ्यासक्रमात आली आणि काहींनी तिचं दुकान मांडलं. मुलांकडूनच फी घ्यायची, दोन व्हिडिओ दाखवायचे आणि रंगीत सर्टिफिकेट छापून द्यायचं. बाप सोयाबीन विकून ती फी भरतो. ही लूट आहे.

मग करायचं काय? झेपतील तेवढेच इंटर्न घ्यावेत, एक किंवा दोन. येण्याजाण्याचा आणि जेवणाचा खर्च भागून हातात काही उरेल इतका स्टायपेंड द्यावा. रोज एका जाणत्या माणसानं तासभर त्यांचा कोड पाहावा. कामाला खरं गिऱ्हाईक असावं. मुलगा चांगला निघाला तर आठवं सेमिस्टर सुरू होण्याआधी त्याला पगाराच्या आकड्यासकट पत्र द्यावं. आणि सर्टिफिकेटवर 'समाधानकारक' असं न लिहिता, त्यानं कुठल्या प्रोग्रामचा कुठला भाग लिहिला ते लिहावं.