घोडा, हळद आणि चहा

‘गाडी तशी चांगली आहे’ ह्या वाक्यातला ‘तशी’ हा शब्द मराठी भाषेतून कायमचा हद्दपार करावा, अशी माझी मागणी आहे. मुलगा तसा हुशार आहे म्हणजे दहावीला दोनदा बसलाय आणि जागेला तसं पाणी आहे म्हणजे ते पहाटे साडेचारला वीस मिनिटं येतं, एवढं आपण अनुभवानं शिकलेलो असतो. मोटारीच्या बाबतीत मात्र ह्या ‘तशी’ची किंमत मी पैपर्यंत सांगू शकतो. ती ३१,४०० रुपये आहे. पावती माझ्याकडे आहे.

गाडी नऊ वर्षांची होती. विकणारे गृहस्थ निवृत्त, कपाळाला गंध, बोलणं मधाळ. मधे दलाल नाही, सगळा घरगुती मामला. “तुम्ही मला मुलासारखे,” असं ते पहिल्या पाच मिनिटांत तीनदा म्हणाले. मी सोबत मेकॅनिक नेला होता. त्यानं बॉनेट उघडलं, ऑइल पाहिलं, सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या. रेडिएटरचं झाकण तेवढं उघडता आलं नाही. तापलेल्या गाडीचं ते उघडायचं नसतं, आणि काकांनी आमच्यासाठी गाडी आधीच अर्धा तास चालू करून ठेवली होती. मग मी स्पष्ट शब्दांत विचारलं, “काका, पुढं काही काम निघणार नाही ना?”

काका म्हणाले, “चहा घ्या.”

चहा वेलदोड्याचा होता. व्यवहार २ लाख १० हजारांना ठरला.

नवव्या दिवशी आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटाच्या तिसऱ्या वळणावर सौ. म्हणाल्या, “अहो, हा काटा असा वर का चाललाय?” काटा वर गेला, वाफ त्याच्याही वर गेली आणि गाडी तिथंच बसली. खंडाळ्याहून (साताऱ्याच्या, लोणावळ्याच्या नव्हे) एक मेकॅनिक आला. गाडी निवेपर्यंत त्यानं दोन विड्या ओढल्या, मग झाकण उघडून आत बोट घातलं. बोट पिवळं झालं.

“साहेब, हिला हळद लागलीय,” तो म्हणाला.

रेडिएटर गळत असला की त्यात चमचाभर हळद टाकतात. ती गळतीच्या जागी जाऊन बसते आणि गळणं तात्पुरतं थांबतं. ट्रकवाल्यांचा हा जुना तोडगा आहे. पुढचं गॅरेज येईपर्यंत तो चालतो. सोसायटीच्या दोन फेऱ्यांना तो सहज पुरतो; घाटाला पुरत नाही. हळद सुटली, पाणी गेलं, इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट उडालं. लग्नाआधी हळद लागते हे ठाऊक होतं. पण इथं हळद लावणारे एक, आणि सप्तपदी चालत घाट उतरणारे आम्ही!

ह्यानंतर जे भेटले ते सगळे एकच वाक्य बोलले. “अरे, घेताना नीट बघायला नको?” साहेब बोलले, शिपाई बोलला, आयुष्यात सायकलपलीकडे काही न घेतलेला आमचा हेड कॅशियर बोलला. माझं खरं भांडण ह्या वाक्याशी आहे. घरी चोरी झाली तर आपण चोराला सोडून कुलपाला शिव्या देतो, त्यातलाच हा प्रकार. मी बघितलं, मेकॅनिकला दाखवलं, तोंड उघडून विचारलं. ह्यापुढं काय गाडीची जन्मपत्रिका मांडायची? दोष कुणाला ठाऊक होता, हे मात्र एकानंही विचारलं नाही. हळद स्वयंपाकघरातून रेडिएटरपर्यंत आपल्या पायांनी जात नाही.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “तुम्ही रेडिएटरचं विचारलंच नाहीत.”

बी.कॉम.ला असताना मर्कंटाइल लॉ नावाचा विषय आम्ही फक्त पास होण्यापुरता वाचला होता. तो परत काढला. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ आहे, कपट म्हणजे काय ते सांगणारं. त्याच्या खाली स्पष्टीकरण आहे की नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नव्हे. मग उदाहरण : ‘अ’नं लिलावात ‘ब’ला एक घोडा विकला. घोडा सदोष आहे हे ‘अ’ला ठाऊक होतं, तो काही बोलला नाही. हे कपट नाही. दीडशेहून अधिक वर्षं हा घोडा कायद्याच्या पुस्तकात लंगडतोय.

पुढं दुसरं उदाहरण. ‘ब’ ही ‘अ’ची मुलगी असेल आणि नुकतीच सज्ञान झाली असेल, तर मात्र ‘अ’नं सांगायलाच हवं. मला क्षणभर आशा वाटली. काकांनी मला तीनदा ‘मुलासारखे’ म्हटलं होतं. पण कायद्याला मुलगी हवी, तीही नुकती सज्ञान. आणि मी सेहेचाळीस वर्षांचा.

ग्राहक आयोगाकडे जा, असंही कुणी सुचवलं. पण तिथं समोर धंदा करणारा विक्रेता लागतो. स्वतःची एकुलती एक गाडी विकणारे काका त्यात बसत नाहीत. १९३० चा मालविक्री कायदाही मालाच्या दर्जाची हमी धरतो ती मुख्यतः तसल्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून. बाकीच्यांसाठी ‘ग्राहका, सावध राहा’.

आता गंमत पाहा. हेच काका स्वतःचा आयुर्विमा उतरवायला गेले, तर साखर, रक्तदाब, पूर्वीचं ऑपरेशन, विचारलेलं सगळं खरं सांगावं लागेल. लपवलं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. काकांनी घर विकायला काढलं, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आहे : वेगळा करार नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीनं न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगायलाच हवा. म्हणजे काकांच्या पोटातलं सांगायचं, भिंतीतलं सांगायचं. फक्त रेडिएटरमधलं गिळायचं. आणि भिंत काही घाटात जाऊन बंद पडत नाही!

काकांच्या बाजूनं एक मुद्दा निघेल. जुन्या गाडीत काही ना काही असणारच, आणि विकणारा काय मेकॅनिक असतो? मान्य. त्याला जे ठाऊक नाही ते त्यानं सांगावं, असं मी म्हणतच नाही. ठाऊक आहे तेवढंच सांगा. आमच्या काउंटरवर नोटांचं बंडल येतं. वरच्या नोटेबरोबर चुकून फाटकी नोट आली तर मी काही बोलत नाही. पण बरोबर मधोमध, घडी घालून, फाटकी बाजू आत करून ठेवलेली नोट निघाली की ती कुठे आहे हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, हे मला न विचारता कळतं. दोष असणं वेगळं आणि दोषाला हळद लावणं वेगळं.

शिवाय गप्प बसणं फुकट नसतं. काकांनी खरं सांगितलं असतं तर मी तेवढी किंमत कमी केली असती. त्यांनी सांगितलं नाही; म्हणजे ते ३१,४०० त्यांच्या खाती जमा आणि माझ्या नावे. आमच्या बँकेत अशी नोंद कुणाच्या सहीवाचून झाली तर चौकशी बसते.

म्हणून सही घ्या. गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरतात. त्यांत इंजिनाचा नंबर विचारतात, चासीचा नंबर विचारतात. प्रकृती कुणी विचारत नाही. तिथं एकच ओळ वाढवा : ‘मला ठाऊक असलेले दोष खालीलप्रमाणे’. खाली विकणाऱ्याची सही. खरं लिहील त्याला भीती नाही आणि खोटं लिहील त्याला मौनाची पळवाट नाही.

ती ओळ येईपर्यंत कलम १७ मधलंच आणखी एक उदाहरण पाठ करून ठेवा. त्यात ‘ब’ ‘अ’ला म्हणतो, तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. आणि ‘अ’ गप्प बसतो. इथं मात्र ते गप्प बसणं बोलण्यासारखंच धरलं जातं. घोड्याच्या जागी गाडी म्हणा. हे वाक्य साक्षीदारासमोर, मोठ्यानं, दोनदा म्हणा. आणि उत्तर मिळेपर्यंत चहाला हात लावू नका, वेलदोड्याचा असला तरी.