शेडच्या दारावर एक पाटी हवी

मोकळ्या प्लॉटवर बघता बघता लोखंडी कारखाना उभा राहतो आणि आपण म्हणतो, "त्यात काय, नुसते नटबोल्ट आवळायचे!" खरंय. पण साइटवरच तेवढं. बाकी सगळं आधीच होऊन गेलेलं असतं.

प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंगचा, म्हणजे पीईबीचा, अख्खा सांगाडा आधी कॉम्प्युटरवर सोडवतात. छताचं वजन, वारा, भूकंप, क्रेन असेल तर तीही. मग फॅक्टरीत पोलादी प्लेटा कापून, तीन पट्ट्या सबमर्ज्ड आर्क वेल्डिंगने जोडून 'आय' आकाराचे कॉलम आणि राफ्टर बनवतात. बोल्टची भोकंही तिथेच. मग शॉट ब्लास्टिंगने गंज काढायचा, प्रायमर मारायचा, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकायचा आणि ट्रकवर चढवायचं.

आता गंमत बघा. बाजारात मिळणारा तयार आय-सेक्शन टोकापासून टोकापर्यंत सारखाच असतो. इथला कॉलम मात्र बरेचदा खाली अरुंद आणि वर, राफ्टरला मिळतो तिथे, रुंद. पाया बिजागरीसारखा धरला तर वाकवणारा जोर खाली जवळजवळ शून्य आणि वरच्या कोपऱ्यात सर्वात जास्त असतो. जिथे गरज, तिथेच लोखंड. आम्ही सॉफ्टवेअरवाले यालाच ऑप्टिमायझेशन म्हणतो. त्याची किंमतही आम्ही जाणतो: जे आधी धरलं नाही, त्याला नंतर जागा नसते.

माझं भांडण इथेच आहे. शेड झाल्यावर मालक म्हणतो, छतावर सोलर टाकू. पॅनेल आणि त्याचा सांगाडा मिळून चौरस मीटरला साधारण १० ते १५ किलो. कोणी राफ्टरला होइस्ट टांगतो. कोणी ट्रकला आडवा येतो म्हणून भिंतीतला तिरका रॉडच कापतो. अहो, वारा पेलायला तोच तर असतो! लोखंड बिचारं वादळ येईपर्यंत काही बोलत नाही. आणि त्या छताखाली माणसं काम करत असतात.

लिफ्टमध्ये किती माणसं चालतील ते लिहिलेलं असतं, ट्रकवर किती टन ते लिहिलेलं असतं. मग शेडच्या दारावर का नको? छतावर अमुक किलो धरलेत, क्रेन अमुक टनाची, रॉड कापू नये, डिझायनरला विचारल्याशिवाय काही टांगू नये. चार ओळी, मराठीत आणि हिंदीत.

तुमची स्वतःची शेड असेल तर सोमवारी ड्रॉइंग काढा आणि त्यातला भारांचा तक्ता वाचा. सापडला नाही, तर सोलरवाल्याच्या आधी डिझायनरला फोन लावा.