भोपळ्यात साठवलेला वारा

बालदोस्तांनो, माडाच्या पानाची पिपाणी कुणी कुणी वाजवली आहे? डहाणूच्या किनाऱ्यावरची मुलं लगेच हात वर करतील! पान गुंडाळायचं, टोक दाबून चपटं करायचं आणि फुंकायचं. पों! या एवढ्याशा ‘पों’पासूनच आजची गोष्ट सुरू होते.

पाश्चात्त्य देशांत मोठमोठे वाद्यवृंद असतात. त्यातल्या एका प्रकारात व्हायोलिन, सतार असं तारांचं काही नसतंच म्हटलं तरी चालेल. सगळी फुंकायची वाद्यं आणि साथीला ढोल-झांजा. बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन! आपल्याकडच्या लग्नातल्या बँडचा थोरला भाऊच म्हणा ना. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असे बँड बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठी रचलेलं संगीतच वाजवायचे. खास त्यांच्यासाठी मोठी रचना करायला फारसं कुणी बसत नसे.

ते काम केलं एका शिक्षकाने. त्याचं नाव गुस्ताव होल्स्ट. जन्म 1874, इंग्लंडचा. लहानपणी त्याला दमा होता. वडिलांना वाटलं, फुंकायचं वाद्य वाजवलं तर छाती सुधारेल. म्हणून त्याच्या हाती ट्रॉम्बोन आला. पुढे तो लंडनमध्ये मुलींच्या शाळेत संगीत शिकवू लागला आणि 1905 पासून 1934 मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवतच राहिला. आणि गंमत ऐका, हा माणूस संस्कृत शिकला होता! ऋग्वेदातल्या सूक्तांना त्याने चाली लावल्या, आपल्या सावित्रीच्या गोष्टीवर संगीत नाटक लिहिलं.

1909 मध्ये त्याने बँडसाठी एक ‘स्वीट’ रचलं. खायचं नव्हे हं! एका माळेत ओवलेल्या रचनांना ‘स्वीट’ म्हणतात. यात तीन भाग आहेत आणि तिन्ही एकाच छोट्याशा सुरावटीतून फुललेले. पहिल्या भागात तर तीच सुरावट पुन्हा पुन्हा येते. कधी खालच्या आवाजात, कधी वरच्या, कधी हळू, कधी दणक्यात. 1920 मध्ये 165 वादकांनी ते एकत्र वाजवल्याची नोंद आहे. आजही जगभरचे बँड ते वाजवतात. का? कारण ते कागदावर लिहिलेलं आहे.

आता आपल्या तलासरीकडे या.

एकदा वर्गात मी विचारलं, “कुणाकुणाच्या घरी वाद्य आहे?” ढोलकी, कॅसिओ, मोबाइल अशी उत्तरं आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गप्प. मधल्या सुट्टीत तो हळूच जवळ आला. “बाई, आमच्याकडे तारपा आहे. आजोबांचा. पण तो गावठी ना, म्हणून नाही सांगितलं.”

काय बोलावं सुचेना. कारण चूक त्याची नव्हती. दर स्नेहसंमेलनात आम्ही तारपा नाच बसवायचो, आणि तोही स्पीकरवर गाणं लावून! शाळेनेच तारप्याला दाराबाहेर ठेवलं, तर मुलगा काय समजणार?

तारपा पाहिलाय ना? सुकवून पोकळ केलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. सगळं सामान रानातलं आणि परसातलं. आपण फुंकलेला वारा आधी भोपळ्यात जातो, तिथून नळ्यांत शिरतो. नळ्यांना बांबूच्याच पातळ जिभा असतात. त्या थरथरल्या की आवाज उमटतो. नळ्यांच्या भोकांवर बोटं फिरली की सूर बदलतो. क्लॅरिनेटमध्येही अशीच एक जीभ थरथरते, बरं का!

पण खरी कमाल पुढेच आहे. तारपकरी मध्ये दम घ्यायला थांबत नाही. गालात साठवलेला वारा तो तोंडाने ढकलत असतो, तेवढ्यात नाकाने नवा श्वास घेतो. म्हणून सूर तुटत नाही. भाताची कापणी झाली की त्याच्याभोवती फेर धरतात. तारपकऱ्याने सूर बदलला की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. नाचणारे दमले, रंगले, की त्यालाही ते कळतं. म्हणजे रचणारा तोच, वाजवणारा तोच आणि सगळ्यांना चालवणाराही तोच! स्पीकरला हे जमेल का?

डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हा फेर चित्रांतून जगभर नेला. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. पण चित्रातून आवाज येत नाही. तो आवाज जपला जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांनी. तारप्याचा वारसा त्यांना घरातूनच, वडिलांकडून मिळाला. 2026 मध्ये नव्वदी ओलांडलेल्या या तारपकऱ्यालाही पद्मश्री जाहीर झाली.

मी ही बातमी वर्गात सांगितली. मागच्या बाकावरचा तो मुलगा ताठ बसला. पुढच्याच आठवड्यात आजोबा तारपा घेऊन शाळेत आले. थोडा वेळ वाजवला, मग धाप लागली. म्हणाले, “बाई, सूर डोक्यात हायेत, पण दम संपला.”

मुलांनो, होल्स्टची रचना कागदावर आहे, ती उद्याही वाजेल. तारप्याचे सूर राहतात श्वासात. एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात गेले तरच टिकतात. मोबाइलवर रेकॉर्ड जरूर करा. पण तो सूर नाचणाऱ्यांची पावलं पाहून बदलणार नाही. त्यासाठी माणूसच हवा.

आता तो मुलगा रोज संध्याकाळी आजोबांजवळ बसतो. अजून नुसतं ‘पों’च निघतं म्हणे! निघू दे. सुरुवात तिथूनच होते.

करून पाहा : अर्ध्या पेल्यात पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ बुडवून हळू फुंका. बुडबुडे येत असतानाच गाल फुगवून वारा साठवा. आता गाल दाबत दाबत नाकाने श्वास घ्या. बुडबुडे थांबले नाहीत तर तुम्ही जिंकलात! चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा. आणि पालकहो, तुमच्या पाड्यावर, गावात कुणी तारपकरी असतील, तर या सुट्टीत मुलांना एकदा त्यांच्या अंगणात घेऊन जा. सोबत डहाणूचे चिकू न्यायला विसरू नका!

— तुमच्या बाई