पुढच्या मिनीची वाट

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे आले. पत्र लहानसेच, परंतु प्रश्न असा की त्याचे उत्तर चार ओळींत देऊन भागू नये. त्यांचे यजमान नुकतेच निवृत्त झाले असून घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याचे त्यांनी मनावर घेतले आहे. जुनी पत्रे, मोडी कागद, वंशावळ, छायाचित्रे हे सारे एकत्र करावे, वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवावी आणि ती देवनागरीत नीट लिहून ठेवावी, यासाठी घरात एक संगणक घ्यावयाचा आहे. मुलाने ॲपल कंपनीचा 'मॅक मिनी' हा छोटा संगणक सुचविला. आणि लगेच, "आत्ता मात्र घेऊ नका, नवा येतोच आहे," अशी पुस्तीही जोडली. या गोष्टीला सात महिने झाले. घ्यावा की थांबावे, एवढेच त्या विचारतात. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून एक वाक्य लिहिले आहे. ज्यांच्याकडून बहुतेक माहिती मिळावयाची, ते त्यांचे थोरले दीर येत्या पौषात ८६ वर्षे पूर्ण करतील.

या शेवटच्या वाक्याकडे आम्ही पुन्हा येऊच. तूर्त मुलाच्या म्हणण्याचा विचार करू. कारण ते सर्वस्वी चुकीचे नाही.

मिनी म्हणजे केवळ संगणकाची पेटी. पडदा, कळफलक आणि माउस ज्याचा त्याने आणावयाचा. ११ जानेवारी २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला मिनी लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्याची किंमत ४९९ डॉलर होती आणि त्यात अवघी २५६ मेगाबाइट मेमरी होती. २०१० साली त्याचे अंग ॲल्युमिनियमचे झाले. तो बसका, रुंद, लहानशा पोळपाटाएवढा झाला. हे रूप तब्बल १४ वर्षे टिकले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आलेला एम-४ चिपचा मिनी लांबीरुंदीला १२.७ सेंटिमीटर आणि उंचीला ५ सेंटिमीटर आहे. म्हणजे आपल्या घरातील मिसळणाच्या डब्याहूनही लहान. त्याची आरंभीची मेमरी १६ गिगाबाइट. पहिल्या मिनीच्या ६४ पट!

असे बदल होत गेले म्हणूनच लोकांना वाट पाहण्याचा मोह होतो. कंपनी आपले बेत आगाऊ सांगत नाही. त्यामुळे आपल्याकडे पाऊस कधी येणार हे कावळ्याच्या घरट्यावरून ठरवितात, तसे या क्षेत्रातले जाणकार नाना खुणांवरून अंदाज बांधतात. दुकानांतला माल कमी झाला, सुटे भाग पुरविणाऱ्यांकडून कुणकुण लागली, संगणकाच्या प्रणालीत एखाद्या अनोळखी यंत्राचा क्रमांक आढळला, की अनुमानांना भरती येते.

ही अनुमाने कधी खरी ठरतात. नवा मिनी पुष्कळ लहान होईल आणि त्यावरच्या जुन्या पद्धतीच्या रुंद यूएसबी खाचा जातील, असे वृत्त २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले आणि ऑक्टोबरात तसेच घडले. परंतु कधी ती साफ फसतात. २००७ च्या मे महिन्यात मिनी आता बंदच होणार, असे लिहिले गेले. ऑगस्टमध्ये नवा मिनी हजर! २०२१ साली चकचकीत पारदर्शक झाकणाच्या अत्यंत सडपातळ मिनीची चित्रेसुद्धा फिरू लागली होती. २०२३ च्या जानेवारीत प्रत्यक्षात जो मिनी आला, तो अंगाने २०१० च्याच घडणीचा होता.

मग चिपच्या क्रमावरून तरी काही गणित मांडता येते काय? आम्ही ते मांडून पाहिले. एम-१ चिप १० नोव्हेंबर २०२० रोजी आली आणि मिनीला ती त्याच दिवशी मिळाली. एम-२ जून २०२२ मध्ये आली. मिनीला मिळावयास सात महिने लागले. एम-३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ती मिनीच्या वाट्याला आलीच नाही. एम-४ मे २०२४ मध्ये प्रथम आयपॅडमध्ये आली आणि साडेपाच महिन्यांनी मिनीत. एम-५ चिप ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाली. हा क्रम पाहून पुढच्या मिनीची तिथी कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला पंचांग काढण्याचाच सल्ला द्यावा. हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत एखादी नवी बातमी येऊन गेलेली असेल, किंवा नसेलही. आमचे म्हणणे त्याने बदलत नाही. कारण नवा आला की त्याच्या पुढच्याची वाट सुरू होतेच.

अनुमानच करावयाचे, तर आमचेही एक घ्यावे. अंगाचा आकार २०२४ मध्ये बदलला असल्याने तो इतक्यात पुन्हा बदलेल असे वाटत नाही. मागचा इतिहास पाहता एक रूप पाच वर्षे टिकले, दुसरे १४. चिप नवी येईल, वेग वाढेल. किंमत उतरेल काय? येथे मात्र आम्ही सावध आहोत. मिनीची आरंभीची किंमत २००५ मध्ये ४९९ डॉलर, २०१० मध्ये ६९९, २०१४ मध्ये पुन्हा ४९९, २०१८ मध्ये एकदम ७९९ आणि २०२३ मध्ये ५९९ अशी वरखाली होत आली आहे. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या अवाढव्य संगणक-केंद्रांनी मेमरीची एवढी मागणी केली की २०२५ च्या अखेरीस तिचे भाव कडाडले. ज्या यंत्राचा प्राणच मेमरी, ते थांबल्याने स्वस्त मिळेल असे गृहीत धरण्यात शहाणपण नाही.

आणि पुढचे नेहमी अधिक चांगलेच असते, ही तर निव्वळ भाबडी समजूत आहे. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. त्यासाठी आम्हांला आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या आत्या राहत असत. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासूनचे सारे त्यांना मुखोद्गत होते. कोणत्या बिऱ्हाडात कोण होते, गौरींच्या नैवेद्यात कोणता पदार्थ कोणामुळे शिरला, आमच्या मराठीत कोणता गुजराती शब्द कोणत्या शेजारणीने आणून सोडला, हे त्या तारीखवार सांगत. २०१३ साली आम्ही ठरविले की एक मिनी घ्यावा आणि आत्यांच्या आठवणी त्यावर उतरवून ठेवाव्यात. त्या वेळी २०१२ चा मिनी बाजारात होता. त्याच्या वरच्या प्रकारात चार गाभ्यांचा प्रोसेसर मिळे आणि तळाचे झाकण हाताने फिरवून मेमरी वाढविता येई. पण, "वर्ष होत आले, आता नवा येईल," असे कोणीतरी म्हणाले. आम्ही थांबलो.

१६ ऑक्टोबर २०१४ रोजी नवा आला. किंमत उतरली होती हे खरे. परंतु चार गाभ्यांचा प्रोसेसर नाहीसा झाला होता आणि मेमरी कायमची जोडून टाकलेली होती. एकाच वेळी अनेक कामे उरकण्यात २०१२ चा वरचा मिनी या नव्यातल्या सर्वांत महागालाही मागे टाकीत असे. आम्ही हिरमुसलो, आणि ज्याने हिरमोड केला तो न घेता त्याच्या पुढच्याची वाट पाहू लागलो. २०१५ गेले, २०१६ गेले. २०१७ च्या एप्रिलात कंपनीचे फिल शिलर आणि ऑक्टोबरात खुद्द टिम कुक यांनी मिनी महत्त्वाचा असल्याचा निर्वाळा दिला. तारीख मात्र कोणीच दिली नाही. दिवाळीला आम्ही भेटावयास गेलो की आत्या विचारीत, "अरे, तुझं ते यंत्र आलं का? आलं की सांग, मी तयार आहे." आम्ही म्हणत असू, "येतंय, आत्या. थोडंच राहिलंय."

३० ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे नवा मिनी जाहीर झाला. तो उत्तम होता. सहा गाभ्यांचा प्रोसेसर होता, ६४ गिगाबाइटपर्यंत मेमरी घेता येत होती. आम्ही तो घेतला. परंतु त्याच्या आदल्या वर्षापासून आत्यांना विस्मृतीने ग्रासले होते. आम्ही समोर बसलो तर त्या आम्हांला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारीत, हसत, आणि गप्प होत.

या गोष्टीत कंपनीचा काहीएक दोष नाही. तिने आम्हांला थांबा म्हणून कधी सांगितले नव्हते. वही आणि लेखणीही कोणी हिरावून घेतली नव्हती. त्या यंत्राने जे काम व्हावयाचे, ते सुरू करण्यासाठी त्या यंत्राची गरजच नव्हती, हे आम्हांला चार वर्षांत एकदाही सुचले नाही; कारण वाट पाहणे हेच एक काम केल्यासारखे वाटत होते. तो मिनी आजही आमच्या टेबलावर चालू आहे. २०२५ ची टाहो प्रणाली त्यावर चालत नाही, पण लिहिण्यावाचण्यास तो पुरेसा आहे. त्यात आत्यांच्या आठवणींची साडेतीन पाने आहेत. तीही आम्ही स्वतः आठवून लिहिलेली.

असो. आता आमच्या भगिनींच्या प्रश्नाला उत्तर.

घरात चालता संगणक असेल आणि नव्याची केवळ हौस असेल, तर खुशाल थांबावे. त्यात काही बुडत नाही. नवा आल्यावर दुकानदार जुना माल सवलतीने काढू लागले, तर तोही लाभच. परंतु काम अडून राहिले असेल, तर आज बाजारात जो मिनी असेल तो घ्यावा. असे यंत्र सहा-सात वर्षे सहज साथ देते. २०१८ च्या मिनीला २०२४ पर्यंतच्या नव्या प्रणाली मिळत राहिल्या. त्या मुदतीपुढे सहा महिने आधी घेतला की नंतर, याला फारसा अर्थ नाही.

घेताना एवढे पाहावे. २०२० पासूनच्या मिनीत मेमरी मागाहून वाढविता येत नाही, म्हणून ती पहिल्या दिवशीच विचार करून ठरवावी. लेखन, जुने कागद आणि छायाचित्रे एवढ्याला १६ गिगाबाइट पुरतात. आतील साठवण वाढवून घेण्यापूर्वी मात्र हिशेब करावा. २०२४ च्या मिनीची आरंभीची किंमत आपल्याकडे ५९,९०० रुपये होती आणि साठवण २५६ ची ५१२ गिगाबाइट करून घेण्यास आणखी २०,००० रुपये पडत. त्याहून बऱ्याच कमी पैशांत बाहेरून जोडण्याची मोठी हार्ड डिस्क मिळते. तशा दोन घ्याव्यात आणि कुलवृत्तांताच्या प्रती दोहोंवर ठेवून एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मुलीकडे, ठेवावी. पडद्यासाठी आरंभी घरातील दूरदर्शन संच चालतो. एचडीएमआयची तार जोडली की झाले. देवनागरी कळफलकाची सोय यंत्रातच असते, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांचा इतिहास कोणत्याही दप्तरात सबंध सापडत नाही. कोणत्या साली कोण इंदुरास आले, कोणाच्या नोकरीमुळे आले, कोणाचा वाडा कोणत्या बोळात होता, हे एखाद्या वृद्धाच्याच जिभेवर असते. त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती कोणतीही कंपनी काढणार नाही.

म्हणून यंत्र यावयाचे तेव्हा येवो. चिरंजिवांचे अनुमान खरे ठरले तर त्यांचे कौतुकही करावे. दिरांकडे मात्र दोघांनी येत्या रविवारीच जावे, आणि जाताना एक कोरी वही न्यावी.