‘मागच्या मॅडम कुठं गेल्या?’

१. शिरूर-दौंडकडच्या सरकारी ओपीडीत खिडकीवर केसपेपर निघतो, पण आत कोण बसलंय ते पेशंटला आत गेल्यावरच कळतं. म्हातारी पिशवीतून अर्धी स्ट्रिप काढते. ‘ही मागच्या मॅडमनी बंद केली होती, पाय सुजायचे म्हणून.’ नव्या डॉक्टरांसमोरच्या कागदावर यातलं काहीच नसतं. बीपी वाढलेलं दिसतं आणि तीच अॅम्लोडिपिन पुन्हा सुरू होते.

२. यात कुणाचा आळस नाही, शिक्षणाची रचनाच तशी आहे. इंटर्न कम्युनिटी मेडिसिनला १२ आठवडे असतो. एमडी-एमएसच्या निवासी डॉक्टरला जिल्हा निवासी कार्यक्रमात ३ महिने काढावे लागतात. ही मंडळी तालुक्याला येतात हे चांगलंच आहे, त्यांना येऊ नका म्हणणारा मी नव्हे.

३. ओळखीचा डॉक्टर ही केवळ मनाच्या समाधानाची गोष्ट नाही. २०१८ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये २२ अभ्यासांचा आढावा आला. एकाच डॉक्टरकडे सातत्य असलेल्या पेशंटांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी असल्याचं त्यातल्या १८ अभ्यासांत दिसलं. नॉर्वेत १५ वर्षांहून जास्त काळ एकच डॉक्टर असलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे कुठली १५ वर्षं!

४. पण ३ महिनेही वाया घालवण्याइतके थोडे नाहीत. बीपी-शुगरवाला गोळ्यांसाठी महिन्याला येतो, म्हणजे एका निवासी डॉक्टरच्या मुक्कामात त्याच्या ३ फेऱ्या होतात. आज तो तिन्ही वेळा जो मोकळा असेल त्याच्यासमोर बसतो. त्याऐवजी प्रत्येक निवासी डॉक्टरला समजा ४० पेशंटांची नावं द्या, आठवड्याचा वार ठरवून द्या आणि तो वार केसपेपरवर लिहा. जाणाऱ्याने शेवटच्या आठवड्यात येणाऱ्याला शेजारी बसवून यादी सोपवावी: कोणती गोळी का बंद केली, कुणाची तपासणी बाकी आहे, कुणाला वाचता येत नाही. याला वेगळा निधी लागत नाही, ड्युटी लावणाऱ्याची तयारी लागते.

५. नोंदी ठेवणं या भागाला नवीन नाही. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं राहिलं. तिथे २००२ पासून २२ गावांतल्या घराघरांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर टिपले जातात. संशोधनासाठी जे जमतं ते म्हातारीच्या गोळीसाठी का जमू नये?

६. डिजिटल आरोग्य नोंदींसाठी आभा कार्ड आहेच की, असं उत्तर येईल. पण कार्डावर नंबर असतो. गोळी का बंद केली हे कुणीतरी लिहिल्याशिवाय तिथेही दिसणार नाही.

७. डॉक्टर बदलतात, सिस्टरचीही बदली होते. आशाताई मात्र गावातलीच असते, म्हणून यादीची एक प्रत तिच्याकडे हवी. हंगाम संपला की ऊसतोड कुटुंबं बीडकडे परततात, त्यांच्या हाती मराठीत एक चिठ्ठी द्यावी, तिकडच्या डॉक्टरलाही वाचता येईल अशी.

८. निवासी डॉक्टरचे ३ महिने पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी या कार्यक्रमाच्या जिल्हा समन्वयकांनी दोनच गोष्टी मागाव्यात: तिन्ही फेऱ्यांना त्याच डॉक्टरने तपासलेल्या पेशंटांची संख्या आणि सोपवलेल्या यादीवर पुढच्या डॉक्टरची सही.